अहवालात ‘एमटीएचएफआर’ निघाले, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून या सदराकडे आलेल्या पत्रांत सध्या एकाच जनुकाचे, एमटीएचएफआरचे, नाव सारखे येते आहे. कुणाची ही तपासणी गर्भपातानंतर झाली, कुणाला ती चेकअपच्या पॅकेजमध्ये आयती मिळाली, कुणी लाळेचा नमुना पाठवून घरबसल्या अहवाल मागवला. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत औषधांच्या मात्रा दिल्या आहेत, त्या डॉक्टरांशी नीट बोलता यावे यासाठी. त्या वाचून स्वतःच्या मनाने इंजेक्शन सुरू करू नका.

प्रश्न : माझे वय २९. गेल्या वर्षी आठव्या आठवड्यात गर्भपात झाला. नंतरच्या तपासणीत ‘एमटीएचएफआर सी६७७टी, हेटरोझायगस म्यूटेशन’ असे लाल अक्षरांत आले. पुढच्या वेळी पोटात रोज हेपारिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, सुई घ्यावी लागेल, असे कुणी कुणी सांगतात. सासूबाईंचे म्हणणे, हा दोष माहेरचा. खरे काय समजायचे? — एक भगिनी, राजारामपुरी

उत्तर : या अहवालातून गर्भपाताचे कारण कळत नाही आणि सुईची गरजही सिद्ध होत नाही. लाल अक्षरे पाहून घाबरू नका.

एमटीएचएफआर हे जनुक पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. त्याच्या आराखड्यावरून शरीर एक एन्झाइम तयार करते. भाजी, डाळ किंवा गोळीतून आलेल्या फोलेट या बी गटातल्या जीवनसत्त्वावर पेशीत बऱ्याच प्रक्रिया होतात. त्यांतल्या अगदी शेवटच्या टप्प्यावर हे एन्झाइम फोलेटला मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा तुकडा) असलेले मिथाइल रूप देते. मग बी-१२ च्या मदतीने हा मिथाइल गट होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला जोडला जातो आणि त्याचे मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल बनते. मेथिओनिनपासून तयार होणारा एक रेणू हे मिथाइल गट पुढे शरीरभर वाटतो. स्नायूंतले क्रिएटिन, पेशींच्या आवरणातली चरबी, अ‍ॅड्रेनालिन, डीएनएवरच्या खुणा, या सगळ्यांसाठी ते लागतात. या वाटपाला मिथिलेशन म्हणतात. वाटप अडखळले की रक्तात होमोसिस्टीन साठू लागते, आणि ते मोजता येते.

जनुकात ६७७ क्रमांकाच्या जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ हे डीएनएचे अक्षर आले, की एन्झाइमच्या अमिनो आम्लांच्या साखळीत २२२ व्या ठिकाणी अ‍ॅलॅनिनच्या जागी व्हॅलिन बसते. त्यामुळे एन्झाइमची आपल्या सहायक रेणूवरची पकड ढिली होते. हा सहायक रेणू बी-२ जीवनसत्त्वापासून बनतो. असे ढिले एन्झाइम उष्णतेने लवकर निकामी होते, हे १९८८ मध्ये प्रयोगशाळेत दिसले होते. त्यामागचा नेमका अक्षरबदल १९९५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल येथे रिमा रोझेन यांच्या गटाने शोधला. दोनपैकी एक प्रत बदललेली असेल, तर एन्झाइमचे काम साधारण ६५ टक्के चालते. दोन्ही बदललेल्या असतील, तर ३० टक्क्यांच्या आसपास.

तुमची एकच प्रत बदललेली आहे; ‘हेटरोझायगस’चा अर्थ तोच. गुऱ्हाळातला घाणा जरा हळू फिरला, तरी ऊस वेळच्या वेळी पडत राहिला तर काहिलीत रस भरतोच. इथे ऊस म्हणजे फोलेट, बी-१२ आणि बी-२. जनुक आपल्या हातात नाही, हा पुरवठा आहे.

आता माहेरचा प्रश्न. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आपल्या देशात दर चार-पाच माणसांत एकाकडे तरी ६७७ चा ‘टी’ सापडतो. याच जनुकात १२९८ क्रमांकावर दुसरा एक बदल असतो, तो त्याहून सौम्य आणि आपल्याकडे निम्म्या लोकांत तरी असतो. तुमच्या पतींची तपासणी केली, तर त्यांच्या अहवालातही यांपैकी काही निघण्याची शक्यता भरपूर आहे. इतक्या लोकांत असणाऱ्या गोष्टीवरून एका सुनेला बोल लावणे अन्यायाचे आहे, आणि वैद्यकाचा त्याला काडीचाही आधार नाही.

निदान झालेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा-पंधरा पहिल्या तीन महिन्यांतच संपतात. त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, आणि ती त्या एका गर्भापुरती चूक असते. एका गर्भपातानंतर सहसा मोठ्या तपासण्या लागत नाहीत. पुन्हा तसेच झाले, तर ज्यांचा उपयोग आहे त्या तपासण्या करा: थायरॉइड, तीन महिन्यांची साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी, पती-पत्नींची गुणसूत्रे आणि रक्तात गुठळ्या घडवू शकणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज. ही शेवटची तपासणी १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह यावी लागते, तरच ती धरतात. एकदाच पॉझिटिव्ह आली म्हणून हेपारिन सुरू केल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. ही अँटिबॉडी खरोखर असेल, तर हेपारिन आणि कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होतो. केवळ एमटीएचएफआरसाठी तो होत नाही. वारंवार गर्भपात किंवा रक्ताच्या गुठळ्या यांचा शोध घेताना ही जनुक तपासणी मागवूच नका, अशी सूचना अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्येच दिली आहे.

प्रश्न : मी लाळेच्या किटवर तपासणी केली. त्या फाइलमध्ये ‘आरएस १८०११३३’ समोर ‘ए-जी’ असे आहे. नंतर लॅबमध्ये रक्तावर केली, तिथे ‘सी-टी’ आले. यातला कोणता अहवाल चुकला? — एक वाचक, नागाळा पार्क

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात. ‘आरएस १८०११३३’ म्हणजे ६७७ च्याच बदलाचा क्रमांक. डीएनएच्या दोन धाग्यांत ‘सी’समोर ‘जी’ आणि ‘टी’समोर ‘ए’ असतो. हे जनुक उलट दिशेने वाचले जाते. किटवाल्या कंपन्या बहुधा समोरच्या धाग्यावरची अक्षरे छापतात, लॅब जनुकाच्या दिशेची. तेव्हा किटमधला ‘जी-जी’ म्हणजे लॅबचा ‘सी-सी’, अर्थात नेहमीचा. ‘ए-जी’ म्हणजे ‘सी-टी’. ‘ए-ए’ म्हणजे ‘टी-टी’, दोन्ही प्रती बदललेल्या. १२९८ च्या दुसऱ्या बदलाचा क्रमांक आरएस १८०११३१. तिथे किटमधला ‘टी-टी’ नेहमीचा आणि ‘जी-जी’ म्हणजे दोन्ही बदललेल्या. लोकांची फसगत नेमकी इथे होते: १८०११३१ समोरचा ‘टी-टी’ पाहून ६७७ चा ‘टी-टी’ समजतात आणि धास्तावतात. अक्षरांच्या आधी क्रमांक वाचा.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. घरी शाकाहार. तंबाखू आहे. पाय बधिर होतात, मुंग्या येतात. होमोसिस्टीन ३८, बी-१२ ११० आणि एमटीएचएफआर ‘टी-टी’ आले. फार्मसीत महागडी मिथाइलफोलेटची गोळी सुचवली. ती सुरू करू का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नुसती ती गोळी सुरू करू नका. आधी बी-१२. तुमच्या अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ११० आहे, आणि तो बी-१२ च्या कमतरतेचा आहे, जनुकाचा नाही.

होमोसिस्टीन साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर असावे. ‘टी-टी’ असलेल्यांत ते इतरांपेक्षा सरासरी २०-२५ टक्क्यांनी जास्त दिसते, तेही मुख्यतः फोलेट कमी असताना. फोलेट पुरेसे असले की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे नुसत्या जनुकाने १२ चे १५ होईल. ते ३८ वर जाते तेव्हा दुसरे काही तरी कमी पडलेले असते, आणि आपल्या भागात ते बहुतेक वेळा बी-१२ असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे शहर आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांचे बी-१२ कमी निघाले आणि निम्म्याहून अधिक जणांचे होमोसिस्टीन वाढलेले. कोल्हापूरच्या शाकाहारी घरांतले ताट काही फार वेगळे नाही.

आता मिथाइलफोलेट, म्हणजे फोलेटचे तयार मिथाइल रूप, आधी का नको, ते. फोलेटला एकदा मिथाइल रूप मिळाले की ते मागे फिरू शकत नाही. आपला मिथाइल गट उतरवायला त्याला बी-१२ लागतेच. बी-१२ नसेल, तर फोलेट त्याच रूपात अडकून पडते. वरून महागडी गोळी ओतली, तरी अडकलेल्यातच भर पडते. साध्या फोलिक अ‍ॅसिडचा धोका वेगळा आहे. फोलेटचे हे गोळीतले नेहमीचे रूप या अडथळ्याच्या अलीकडे काम करून रक्तपेशी सुधारते, हिमोग्लोबिन वर येते, माणसाला बरे वाटते आणि तिकडे नसांची झीज चालूच राहते. तुम्हाला मुंग्या आधीच आहेत, त्यामुळे हा क्रम चुकवून चालणार नाही.

नसांची लक्षणे असताना डॉक्टर सहसा १००० मायक्रोग्रॅम बी-१२ चे इंजेक्शन दंडात किंवा कमरेत देतात: पहिले एक-दोन आठवडे रोज किंवा एकाआड एक दिवस, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग महिन्याला एक. लक्षणे नसतील, तर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. गोळीची मात्रा एवढी मोठी असण्याचे कारण असे, की आतड्यातला नेहमीचा मार्ग एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषतो. त्यावरचे जे झिरपून आत जाते ते जेमतेम एक टक्का, म्हणजे हजारातले दहा. रोजच्या गरजेला तेवढे भरपूर होते. बी-१२ सुरू झाल्यावर त्याच्या जोडीला साधे फोलिक अ‍ॅसिड चालेल. किती, ते डॉक्टर ठरवतील. होमोसिस्टीन पुन्हा ८ ते १२ आठवड्यांनी तपासा. त्यात चांगली घट दिसायला हवी. मुंग्या मात्र त्याच वेगाने जात नाहीत, त्यांना महिने लागतात. बधिरपणा जुना असेल, तर थोडा राहूनही जातो. म्हणून आता उशीर नको.

तंबाखू आणि मिश्री होमोसिस्टीन वाढवतात. मूत्रपिंड मंदावले किंवा थायरॉइड कमी झाले तरी ते वाढते. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच एकदा पाहून घ्या.

आणखी एक, कारण आकडे इथेच बिघडतात. होमोसिस्टीनचे रक्त काढल्यावर नळी तशीच टेबलावर राहिली, तर लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात आणि आकडा तासाला दहा टक्क्यांच्या आसपास फुगत जातो. सकाळी काढलेली नळी संध्याकाळच्या गाडीने मोठ्या शहरात गेली आणि मधे प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळा केलाच नाही, तर १३ चे २० सहज होतात. रक्त रात्रीच्या उपवासानंतर द्या. ते जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत काढून लगेच बर्फात ठेवायला हवे आणि तासाभरात सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून प्लाझ्मा वेगळा व्हायला हवा. लॅबमध्ये विचारा, “नळी बर्फात ठेवता का? प्लाझ्मा इथेच वेगळा करता का?” उत्तर गोलमोल आले, तर दुसरी लॅब शोधा. तुमचे ३८ मात्र केवळ नळीमुळे असणार नाहीत. ११० चे बी-१२ आणि पायाच्या मुंग्या त्याच्याशी जुळतात.

प्रश्न : लग्नाला वर्ष झाले, आता बाळाचा विचार आहे. मला एमटीएचएफआर ‘टी-टी’ आहे. असे असणाऱ्यांना साधे फोलिक अ‍ॅसिड विषासारखे असते, असे मोबाइलवर वाचले. मग काय घ्यायचे? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : साधे फोलिक अ‍ॅसिडच घ्या आणि आजपासून घ्या. मोबाइलवरचा तो मजकूर सरळ खोटा आहे, आणि त्याच्या नादाने एखादी मुलगी गोळी बंद करते तेव्हा त्यातून होणारे नुकसान भरून न येणारे असते.

बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्यापासून मोजले, तर जेमतेम दोन आठवडे. पाळी चुकली, घरी तपासणी केली, डॉक्टरांची वेळ घेतली, एवढ्यात ती मुदत संपत येते. म्हणून गोळी गर्भ राहण्याच्या आधी निदान महिनाभर सुरू असावी आणि पहिले तीन महिने संपेपर्यंत चालू ठेवावी. मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटण्याचा दोष झाला असेल, फिट्सची औषधे चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर जास्त, सहसा ४ ते ५ मिलिग्रॅम. आपल्याकडे दुकानात सहज मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅमच्या बारापटीहून अधिक. तुम्हाला यांपैकी काही नसेल, तर छोट्या मात्रेची गोळी डॉक्टरांकडून नाव लिहून घेऊन मागा. सरकारी कार्यक्रमातही पहिल्या तिमाहीत ४०० मायक्रोग्रॅमच देतात. चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असलेली लाल गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस. आशाताईंकडे ती मोफत मिळते.

‘टी-टी’ असणाऱ्यांच्या शरीरात फोलिक अ‍ॅसिड वापरले जाते. तेवढीच गोळी घेऊन त्यांच्या रक्तातले फोलेट इतरांपेक्षा सरासरी १६ टक्क्यांनी कमी भरते, एवढाच फरक. मज्जारज्जूचे दोष टळतात, हे ज्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले त्या साध्या फोलिक अ‍ॅसिडवरच झाल्या. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, आधीचे बाळ असे झालेल्या स्त्रियांनी रोज ४ मिलिग्रॅम घेतल्यावर तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मिथाइलफोलेटने हे काम होते का, यावर अशी चाचणी झालेली नाही.

या जीवनसत्त्वाचा शोधही आपल्या राज्यातूनच सुरू झाला. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट, हे पुढे कळले.

गोळी आजच सुरू करा, पण तिच्या जोडीने बी-१२ही तपासून घ्या. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मातांचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. गरोदर बाईला लोह-फोलिकची गोळी आवर्जून मिळते, बी-१२ कुणी विचारतही नाही. हे बदलायला हवे, आणि बदल तुमच्या पहिल्या तपासणीपासून करता येईल. आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरायची, २०० ते ३०० असेल तर काठावर.

प्रश्न : आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी मटण असतेच. तांबडा-पांढरा झाल्याशिवाय रविवार सरत नाही. तरी माझे बी-१२ १८० निघाले. हे कसे? दहा वर्षे मधुमेहाची गोळी चालू आहे. — एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : कारण तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी वर्षानुवर्षे घेतल्यावर आतड्यात बी-१२ चे शोषण कमी होते. जोडीला पित्ताची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, रोज चालू असेल, तर आम्ल घटते आणि मटणातले बी-१२ सुटे होत नाही. मधुमेहाची गोळी बंद करायची नाही. वर्षातून एकदा बी-१२ तपासायचे आणि कमी असेल तर १००० मायक्रोग्रॅमची गोळी तिच्या जोडीने घ्यायची. तळपायांची आग होत असेल, तर ती सगळी साखरेच्या खाती टाकू नका. बी-१२ भरल्यावर त्यातली काही कमी होऊ शकते.

दुसरे कारण ताटात आहे. १०० ग्रॅम मटणात साधारण १ ते २.५ मायक्रोग्रॅम बी-१२ असते आणि शरीर एका जेवणात दीड-दोनच घेते. त्यामुळे रविवारी पाव किलो खाऊन आठवड्याची भरपाई होत नाही. त्यापेक्षा बुधवार-रविवारचे मटण अर्धे करून इतर दिवशी अंडे, मासा किंवा दूध ठेवणे फायद्याचे. बी-१२ पाण्यात विरघळते आणि शिजवल्याने फारसे मोडत नाही, त्यामुळे मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात त्याचा काही भाग उतरतो. पांढऱ्या रश्श्याला हे अळणीच वापरतात, तेव्हा त्याची वाटी रिकामी नसते. तांबडा मात्र कटापुरताच वाढून घेतला आणि फोडी दुसऱ्याच्या ताटात गेल्या, तर हाती तेल-तिखटच राहते. कलेजीत बी-१२ आणि फोलेट दोन्ही मटणाच्या कित्येक पट असते. महिन्यातून एक-दोनदा थोडी खाल्ली तरी उपयोग होतो. गरोदर बाईला कलेजी देऊ नका, तिच्यात ए जीवनसत्त्व फार असते आणि पहिल्या महिन्यांत ते गर्भाला बाधते.

प्रश्न : आम्ही जैन. चातुर्मासात पालेभाज्या बंद असतात. अंडे-मांस कधीच नाही. वडिलांना आणि मला ‘टी-टी’ आहे. आमच्या पथ्यात बसेल असे काय करावे? — एक वाचक, शिरोळ

उत्तर : फोलेटची सोय होते, बी-१२ ची आहारातून कष्टाने होते. दोन्ही वेगवेगळे पाहू.

फोलेट पालेभाजीपुरते नसते. हरभरा, चवळी, मूग, मसूर, तूर यांत ते चांगले असते, शेंगदाण्यातही असते. रोज दोन वेळा दाट वरण किंवा उसळ असेल, तर चार महिने पालेभाजी नसूनही निभते. आमटी पातळ, पळीभर डाळीची असेल तर नाही. इतर आठ महिने पालक, मेथी, चाकवत आठवड्यातून चार-पाच दिवस घ्या. १०० ग्रॅम कच्च्या पालकात दीडशे मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट असते, पण तो भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिले तर जवळजवळ निम्मे त्या पाण्यासोबत मोरीत जाते. भाजी आधी धुवा, मग चिरा, भांड्यावर झाकण ठेवून अंगच्या पाण्यात शिजवा. पातळ भाजी करायची असेल, तर उकडलेले पाणी त्यातच घाला.

बी-१२ तुम्हाला फक्त दुधातून मिळणार. पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असते आणि रोजची गरज दोनच्या आसपास. म्हणजे माणशी अर्धा लिटर दूध-दही-ताक रोज, खरोखर पोटात जाणारे. चहातले दूध त्यात धरू नका, ते दोन-तीन चमचेच असते. श्रीखंडासाठी चक्का टांगला किंवा पनीर केले, की बरेचसे बी-१२ निथळणाऱ्या पाण्यात जाते. ते पाणी कणीक भिजवायला घ्या. लोणी-तुपात बी-१२ नसते. दूध वारंवार उकळल्याने थोडे घटते, एकदाच उकळून ठेवा. पण उकळा नक्की. गंगावेशीच्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध कितीही चांगले वाटले, तरी कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा ताप येऊ शकतो.

वडिलांचे वय साठीपुढचे असेल, तर पोटातले आम्ल वयाने कमी झालेले असू शकते आणि दूध पुरणार नाही. बी-१२ कारखान्यात जिवाणूंकडून तयार करून घेतात, प्राण्यांपासून काढत नाहीत. कॅप्सूलचे आवरण मात्र जिलेटिनचे असू शकते. म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून साधी चपटी गोळी घ्या. ती वर्षभर चालू ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : एमटीएचएफआरमुळे हार्ट अटॅक येतो का? माझा बीपी १५० च्या खाली येत नाही. — एक वाचक, कागल

उत्तर : होमोसिस्टीन वाढलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो, हे खरे. पण नॉर्वे आणि कॅनडातल्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत बी जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन खाली आणूनही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. पक्षाघाताचे थोडे वेगळे आहे. चीनमध्ये वीस हजारांहून अधिक रक्तदाबाच्या रुग्णांना एनालाप्रिलसोबत रोज ०.८ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड दिले, तेव्हा पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण २१ टक्क्यांनी घटले. तिथे पिठात फोलिक अ‍ॅसिड मिसळत नसत, लोकांचे फोलेट मुळात कमी होते.

‘टी-टी’ असणाऱ्यांसाठी एक गोष्ट कामाची आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या चाचण्यांत रोज अवघे १.६ मिलिग्रॅम बी-२ सोळा आठवडे दिल्यावर ‘टी-टी’ असलेल्यांचा वरचा रक्तदाब ५ ते १३ अंकांनी उतरला. इतरांत फरक पडला नाही. वर सांगितलेली ढिली पकड बी-२ ने घट्ट होते, हे त्यामागचे कारण मानले जाते. एवढे बी-२ साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये असते. दुधातही असते, पण पारदर्शक पिशवी उन्हात राहिली की प्रकाशाने ते नासते. बीपीची गोळी, मीठ कमी करणे आणि तंबाखू सोडणे यांची जागा मात्र बी-२ घेऊ शकत नाही.

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. त्याला ‘सी-टी’ निघाले. एके ठिकाणी ‘मिथिलेशन डिटॉक्स’चे सहा महिन्यांचे पॅकेज सांगितले आहे. दागिने मोडावेत का? — एक माता, हातकणंगले

उत्तर : मोडू नका. ‘सी-टी’ असलेली लाखो मुले स्वमग्न नाहीत, आणि कोणत्याही डिटॉक्सने स्वमग्नता जात नाही. हे पैसे स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला लावा. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात बालरोग विभागात दाखवून पुढचा मार्ग विचारा.

या जनुकाचा एक खरा गंभीर आजारही आहे, पण तो फार दुर्मीळ आणि अगदी वेगळ्या बदलांनी होणारा. त्यात एन्झाइम जवळजवळ बंदच असते, होमोसिस्टीन बहुधा शंभराच्या वर जाते, मेथिओनिन कमी होते, आणि तान्हे बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडते, झटके येतात. त्याला बीटेन नावाचे औषध लवकर सुरू करावे लागते. तुमच्या मुलाचे साधे होमोसिस्टीन एकदा तपासले, तर ही शंका कमी खर्चात मिटेल.

प्रश्न : माझे हर्नियाचे ऑपरेशन ठरले आहे. ‘टी-टी’ असल्याचे भूलतज्ज्ञांना सांगायचे का? — एक वाचक, पन्हाळा

उत्तर : सांगा, आणि त्याच दमात बी-१२ चा आकडाही सांगा. भुलीत वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू शरीरातल्या बी-१२ ला निकामी करतो. बी-१२ भरपूर असेल तर काही दिवसांत भरपाई होते. आधीच कमी असेल, तर ऑपरेशननंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांत बधिरपणा येऊन चालताना तोल जाऊ शकतो. वर सांगितलेला गंभीर आजार असलेले एक तान्हे बाळ या वायूनंतर दगावल्याची नोंद २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. साध्या ‘टी-टी’त इतका धोका नसतो, पण हा वायू टाळून भूल देणे भूलतज्ज्ञांना अवघड नसते. हर्नियाचे ऑपरेशन बहुधा पाठीत सुई देऊनही होते. ऑपरेशनला दोन-तीन आठवडे हाताशी असतील, तर आजच बी-१२ तपासा. कमी आले तर इंजेक्शने आधी घेऊन मग टेबलावर जा, आणि अहवालाची झेरॉक्स भूलपूर्व तपासणीच्या कागदांना जोडा.